मोहोरबंद माळा

पासष्ट साली सप्टेंबरात युद्ध संपलं आणि ऑक्टोबरात कोंडवडे गावच्या सत्यवान पोस्टमास्तरांनी युद्धाची तयारी सुरू केली. हसायचं तर खुशाल हसा, पण यात मास्तरांचा दोष काडीइतका नव्हता. आणीबाणीच्या काळात गृहस्थाने घरात काय काय साठवावं हे सांगणारी सरकारी चोपडीच मुळी कोंडवड्याला युद्धबंदीनंतर पोचली. घरोघर वाटायला तिचा गठ्ठाच टपालाच्या थैलीतून आला. गावाने त्या चोपड्यांचं जे करायचं ते केलं. शेजारच्या हौसाबाईने तर आपल्या चोपडीत सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, बांधून लेकीला पाठवली. वाचली ती एकट्या मास्तरांनी.

मास्तरांना वाचणं भागच होतं. त्यांची एकुलती एक लेक सुभद्रा मुंबईत परळला दिलेली होती आणि पहिलटकरीण होती. जावयांचं पत्र आलं होतं की इथे रेशनच्या दुकानात तांदूळ आला तर आला, नाहीतर रांगेत उभं राहून घरी यायचं. तेव्हा 'आपल्याकडे सोय होण्यासारखी असेल तर' सुभद्रेला बाळंतपणाला पाठवतो. यातलं 'असेल तर' मास्तरांना झोंबलं. सरकारची थैली ज्याच्या घरात उघडते त्या माणसाच्या घरी सोय 'असेल तर'? त्यांनी उलट टपाली कळवलं, 'बिनघोर पाठवावी. येथे सर्व सिद्धता आहे.' पत्र गेल्यावर त्यांनी वळून घरात पाहिलं. सिद्धता म्हणून त्यांच्या पत्नी नर्मदाबाईंच्या स्वयंपाकघरात पेंढ्यात बांधलेल्या तांदळाच्या दोन मुड्या, आमसुलांची बरणी आणि मुंग्यांनी आधीच पाहून ठेवलेली गुळाची ढेप एवढंच होतं.

"ह्या काय कमी आसा?" नर्मदाबाई म्हणाल्या. "दरवर्षी पावसाळ्याची आगोट मीच भरतंय मां? चार म्हयने दर्या बंद, वाट बंद. तेवा कोण मेला उपाशी?"

"ती आगोट. ही आणीबाणी," मास्तर म्हणाले.

हे ते शुद्ध भाषेत म्हणाले. एरवी घरात ते मालवणीच बोलत, पण पोस्टमास्तर या नात्याने काही सांगायचं असलं की शुद्धावर येत, आणि ते शुद्धावर आले की नर्मदाबाई कळशी घेऊन विहिरीवर जात. त्या दिवसांत नर्मदाबाईंनी इतकं पाणी भरलं की परसातल्या केळी माजल्या.

चोपडीत लिहिलं होतं की अन्नसाठा उंच, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावा. उंच म्हणजे माळा. माळा कोरडाही होता, पण हवेशीर नव्हता, आणि इथे फ्रान्सिसचा प्रवेश होतो. फ्रान्सिस हा मास्तरांचा ओढ्यापलीकडचा शेजारी. उभा जन्म आगबोटीवर भटारखान्यात घालवून तो आता घरी येऊन बसला होता. त्याला कुठल्याही गोष्टीवर मत विचारलं की त्या गोष्टीची बोट व्हायची.

"मास्तरानू, बोटीर कोठार कसा आसता म्हायत आसा? वर व्हेंटिलेटर होयो. नायतर तांदळाक घाम येता," फ्रान्सिस म्हणाला.

तांदळाला घाम येतो हे मास्तरांना नवीन होतं, पण आगबोटीचा अनुभव पडला. फ्रान्सिस स्वतः छपरावर चढला. त्याने कौलं काढून चौकोनी भोक पाडलं, त्यावर लाकडी झडप बसवली आणि झडपेला कडी आतून न लावता बाहेरून लावली, कारण बोटीवर म्हणे कडी बाहेरूनच असते. ती बाहेरची कडी त्याने सुतळीने बांधून टाकली. मास्तर खाली उभे राहून कृतार्थपणे पाहत होते. नर्मदाबाईंचं म्हणणं पडलं की पावसात गळलं तर आपण त्याच्याखाली फ्रान्सिसालाच निजवू.

मग साठा सुरू झाला. तांदूळ, कुळीथ, पोहे, गूळ, सुके बांगडे, सुभद्रेसाठी अळीव, डिंक, खारका. फोंडाघाटाच्या बाजारातून कोल्हापुरी गूळ आणि शेंगदाणे आले. चोपडीत आग विझवायला वाळूच्या बादल्या सांगितल्या होत्या म्हणून वाळूही वर चढली. बॉम्बच्या आवाजाने कानाचे पडदे फाटू नयेत म्हणून कापसाचे बोळे कानात घालावेत असं शेवटच्या पानावर होतं, तेव्हा मास्तरांनी चांगला डबाभर कापूस आणला. हौसाबाई रोज येऊन शिडीखाली बसायची आणि वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला निरोप द्यायची.

"अरे मास्तरा, कापूस खातलंस तू?"

"हौसाबाय, तो कानात घालायचा आहे."

"कानात?" हौसाबाई जरा विचारात पडली. "बरा आसा. बायलेचा बोलणा आयकूक नुको."

शेवटी मास्तरांना वाटलं की अर्धं धान्य वर आणि अर्धं खाली यात शिस्त नाही. त्यांनी नर्मदाबाईंच्या दोन्ही मुड्या, आमसुलांची बरणी आणि मिसळणाचा डबासुद्धा माळ्यावर नेला. रोज लागेल तेवढं ते स्वतः मापून खाली देणार होते. नर्मदाबाईंना फोडणीला मोहरी हवी असली की पोस्टाच्या पडवीत येऊन उभं राहावं लागे, आणि पोस्टात कोणी मनीऑर्डरीला आलेलं असलं तर थांबावं लागे.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण चोपडीत एक वाक्य असंही होतं की डबे 'मोहोरबंद' करावेत. लिहिणाऱ्याचा अर्थ बिचारा झाकण घट्ट लावा एवढाच असणार. पण मास्तर पडले पोस्टातले. मोहोर म्हटल्यावर त्यांना एकच मोहोर ठाऊक होती. त्यांनी लाख वितळवली, प्रत्येक डब्याच्या झाकणावर आणि प्रत्येक पोत्याच्या गाठीवर ओतली आणि तिच्यावर पोस्टाची पितळी मोहोर दाबली. माळ्यावर कोंडवडे पोस्टाची मोहोर ओळीने चमकायला लागली. मास्तर शिडीवर उभे राहून बराच वेळ बघत होते. आयुष्यात आपण काहीतरी पुरं केलं असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि ते शेवटचंच ठरलं.

कारण त्यानंतर वर्तमानपत्रात आलं की धान्याची साठेबाजी करणाऱ्यांवर कडक कारवाई होणार. मास्तर घाबरले. एक सरकार म्हणतं साठवा, दुसरं म्हणतं साठवाल तर खबरदार, आणि गंमत अशी की दोन्ही सरकारं एकच. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. अख्ख्या कोंडवड्यात घरटी कणगी भरलेली होती आणि सगळे गप्प होते. पण मास्तरांनी जन्मात कधी तिकिटाशिवाय पत्र टाकलेलं नव्हतं. त्यांनी तालुक्याच्या कचेरीला अर्ज केला की, 'मी एक कायदाप्रिय गृहस्थ असून माझ्या माळ्यावर खालीलप्रमाणे धान्य आहे. घरातील एक व्यक्ती गर्भवती आहे. तरी किती धान्य ठेवणे कायदेशीर होईल याचा खुलासा व्हावा.'

"तुमीच तुमच्या घराची चाडी केल्यात?" नर्मदाबाईंनी विचारलं.

खुलासा आला तो रजिस्टर टपालाने. मास्तरांनी तो पोस्टमास्तर म्हणून घेतला, गृहस्थ म्हणून स्वतःला पोचता केला आणि पोचपावतीवर स्वतःकडून सही घेतली. आत लिहिलं होतं, 'पुरवठा निरीक्षक समक्ष पाहणीस येतील.'

निरीक्षक मोंडकर म्हणून होते. किडकिडीत, सज्जन आणि कुठलाही निर्णय घ्यायची वेळ आली की चष्मा पुसणारे. ते शिडी चढून वर गेले आणि तिथेच उभे राहिले.

"मास्तर, ही पोस्टाची मोहोर आहे."

"हो."

"म्हणजे हा माल टपाल खात्याचा? तसं असेल तर मला तो उघडता येत नाही."

"नाही, माझाच आहे."

"तुमचा असेल तर खासगी मालावर सरकारी मोहोर कशी?"

मास्तर मनातल्या मनात उत्तर जुळवू लागले. माल खात्याचा म्हणावा तर तो माळ्यावर कसा, आणि आपला म्हणावा तर मोहोर कशी. दोन्ही उत्तरांच्या शेवटी त्यांना तुरुंगच दिसत होता. मोंडकरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग कुठल्याही चांगल्या अधिकाऱ्याने करावं तेच केलं. त्यांनी निर्णय घेतला नाही. गावचे मानकरी शिवा गावकर आणि फ्रान्सिस यांना पंच करून पंचनामा केला, माळ्याच्या दाराला कुलूप घातलं, कुलपावर सही-शिक्क्याचा कागद चिकटवला आणि सांगितलं की दोन्ही खात्यांच्या वरिष्ठांचा खुलासा येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

"साहेब, माझी मोहरी तरी काढून द्या," नर्मदाबाई शुद्धात म्हणाल्या. त्यांच्या संसारात त्या शुद्ध बोलल्या त्या एवढ्याच.

मोंडकरांना वाईट वाटलं, पण मोहरी पंचनाम्यात आलेली होती.

आणि दुसऱ्याच आठवड्यात मुंबईहून सुभद्रा आली. दिवस भरत आलेले, पायांना सूज, आणि चेहऱ्यावर माहेरी आल्याचं सुख. ओसरीवर टेकल्या टेकल्या ती म्हणाली, "बाबा, सासूबाय म्हणाली, तुज्या बापसाच्या घरी खावची-जेवची काळजी नाय. आये, पेज घाल गो."

नर्मदाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वर माळ्याकडे पाहिलं. लेकीच्या डोक्यावर दोन हातांवर खारका, डिंक, अळीव, सगळं होतं आणि तिला द्यायला खाली मूठभर कणी नव्हती. मास्तरांना त्या क्षणी इतकी लाज वाटली की ते पडवीत जाऊन नसलेल्या टपालावर शिक्के मारत बसले. ती पेज हौसाबाईच्या तांदळाची झाली. रात्रीचं जेवण फ्रान्सिसच्या बायकोने, वेरोनिकाने आणलं. तिने वाडगा पदराखाली झाकून आणला होता. एवढी समजूत तिने दाखवली नसती तर मास्तरांना जास्त बरं वाटलं असतं.

मास्तर रोज थैली उघडत आणि वरिष्ठांचा खुलासा शोधत. खुलासा येईना. आली ती भलतीच आज्ञा, आणि ती सरकारच्याही वरिष्ठाकडून.

कोंडवड्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेव लिंगेश्वराने कौल दिला की अख्ख्या गावाने वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरं जातात. जातीचा, धर्माचा प्रश्न नाही. फ्रान्सिसही बिऱ्हाड घेऊन निघतो. नदीपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या ठोकायच्या, बरोबर नेलेलं रांधून खायचं, आणि तीन दिवस गावात माणसाचा आवाज उठू द्यायचा नाही. मग पुन्हा कौल घेऊन परत यायचं. त्या मार्गशीर्षात देवाने कौल दिला.

कोंडवड्याची पिढ्यान् पिढ्यांची आणीबाणी ही होती. तिला लागणारं धान्य उचलून नेता यावं लागतं. ही साधी गोष्ट मास्तरांना चोपडी वाचताना आठवली नव्हती, कारण ती चोपडीत नव्हती.

त्यांनी कचेरीला तातडीचा अर्ज केला की गावपळणीसाठी माल हलवू द्यावा. उत्तर आलं, 'गावपळण ही बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' मग ते शिवा गावकराकडे गेले.

"शिवा, पळण थोडी पुढे ढकलता येणार नाही?"

"देवाक काय सांगू? मास्तरांच्या माळ्याक टाळा आसा म्हणान?" शिवा म्हणाला.

दोन्ही अखत्याऱ्यांनी हात झटकल्यावर मास्तर निघाले. सगळा गाव डोक्यावर धान्य घेऊन चालला होता आणि मास्तरांच्या डोक्यावर पोस्टाची थैली होती. मागून बैलगाडीत गवतावर सुभद्रा आणि तिला धरून नर्मदाबाई. निघताना शिवाने वेशीवर गाऱ्हाणं घातलं, "बा देवा लिंगेश्वरा, लेकराबाळांक, गुराढोरांक सुखात ठेव आणि मागे ज्या काय रवला त्येची राखण तूच कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सगळंच्या सगळं मागे राहिलेलं असं गावात फक्त मास्तरांचंच होतं, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा लागला.

ते तीन दिवस गावाने जत्रेसारखे घालवले. भजनं झाली, पत्ते झाले, नदीत मासे मिळाले. मास्तरांना मात्र प्रत्येक राहुटीतून हाक यायची. "मास्तर, आमच्यात जेवा." "मास्तर, आज आमच्याकडे." सिद्धतेचा माणूस असा वाटीवाटीने जेवत फिरला. सुभद्रेपुढे तर इतकी ताटं यायची की तिला वाटलं बाबांनी गावभर काहीतरी व्यवस्था लावून ठेवली आहे, आणि तसं तिने मुंबईला पत्रातही लिहिलं. ते पत्र मास्तरांनीच थैलीत टाकलं.

"एक नवल झाला," हौसाबाई शेवटच्या दिवशी म्हणाली. "दर पळणीक माकडां येवन राहुट्ये उसकटतत. ह्या वर्साक एक पण इला नाय. खंय गेली मेली?"

"देवाची कृपा," मास्तर म्हणाले.

गाव परतला तेव्हा मास्तर सगळ्यांच्या पुढे धावत घरी गेले. कुलूप जागच्या जागी होतं. कागद शाबूत, सही शाबूत, शिक्का शाबूत. मास्तरांनी माळ्याखाली उभं राहून लिंगेश्वराला हात जोडले, आणि त्याच दिवशी थैलीत खुलासाही निघाला. टपाल खात्याने मास्तरांना मोहोरेच्या गैरवापराबद्दल सक्त ताकीद दिली होती आणि पुरवठा खात्याने माल घरगुती समजून मोकळा केला होता. मास्तरांना ताकीदही अमृतासारखी लागली.

मोंडकर दुसऱ्या दिवशी आले. पंच आले, हौसाबाई आली, वेरोनिका आली. सुभद्रा खाली पाटावर बसून वर बघत होती. मोंडकरांनी शिक्का तपासला, समाधान पावले, कुलूप काढलं आणि दार लोटलं.

आतून उजेड आला. माळ्यावर एवढा उजेड यायचं कारण नव्हतं. वर फ्रान्सिसचा व्हेंटिलेटर सताड उघडा होता, त्याच्या कडीला कुरतडलेली सुतळी लोंबत होती, आणि त्याखाली फाटकी पोती, उपडे डबे, खारकांच्या बिया, लाखेचे तुकडे आणि माकडांनी मागे ठेवलेलं आणखी जे काही असतं ते. वाळूच्या बादल्या तेवढ्या भरलेल्या होत्या. आढ्यावर एक म्हातारं माकड बसलं होतं. त्याने मंडळींकडे पाहिलं, हातातला गुळाचा खडा गालात सारला आणि व्हेंटिलेटरमधून हवेशीर निघून गेलं.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि मास्तरांनी फ्रान्सिसकडे.

"बोटीर माकडां नसतत," फ्रान्सिस शेवटी म्हणाला.

मोंडकरांनी चष्मा पुसला. "मास्तर, पंचनाम्यातला माल कुठे आहे?"

"साहेब, आपल्यासमोरच गेला त्याचा शेवटचा हिस्सा."

"पण शिक्का शाबूत आहे. शिक्का शाबूत असताना माल कमी होऊ शकत नाही. तुमच्यापैकी कोणी पाहिलं काय झालं ते?"

"गावात माणूसच नव्हता, साहेब," शिवा गावकर म्हणाला. "देवाची आज्ञा."

मोंडकर घाटावरच्या कचेरीतून नुकते बदलून आलेले. गाव असाही रिकामा होतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि मग लिहिलं, 'समक्ष तपासणीत अर्जदाराकडे कोणताही साठा आढळून आला नाही. नसलेल्या साठ्याबाबत अर्ज करून अर्जदाराने शासनाचा वेळ घेऊ नये.' त्यावर त्यांनी मास्तरांची सही घेतली आणि अभिनंदन केलं, कारण मास्तर आता साठेबाज नव्हते याला सरकारी पुरावा झाला होता.

मास्तर माळ्यावरच बसून राहिले. खालून सुभद्रेचा आवाज आला, "बाबा, जावंदे. खाली येवा." तो आवाज इतका मायेचा होता की मास्तरांना रडूच आलं. शब्द दिला होता तिच्या सासरी, आणि दोन खात्यांच्या मोहोरा लावून तो राखला होता, आणि आता लेकीच्या बाळंतपणाला घरात वाळू होती. ते रडत असतानाच सुभद्रेला कळा सुरू झाल्या.

सुईण आली. तिने गरम पाणी मागितलं ते मिळालं, विळी मिळाली, जुनं लुगडं मिळालं. मग तिने स्वच्छ कापूस मागितला आणि घरात कुठे कापूस सापडेना. नर्मदाबाई पडवीत येऊन माळ्याकडे ओरडल्या. मास्तरांनी पोत्यांच्या चिंध्यांत हात घातला आणि तो डबा सापडला. डबा भरलेला, झाकण बंद, मोहोर जशीच्या तशी. माकडांनी हुंगून तो बाजूला ठेवला होता. मास्तरांनी मोहोर फोडली आणि शिडीवरून डबा खाली दिला.

मुलगा झाला. खणखणीत रडला. बाळंतिणीला कुणाकडून अळीव आले, कुणाकडून डिंक, कुणाकडून कोंबडी. हौसाबाई महिनाभर पेज करून आणत राहिली. मुंबईहून व्याह्यांचं पत्र आलं, 'आपली सिद्धता ऐकून आम्ही थक्क झालो.' मास्तरांनी ते वाचून दाखवलं नाही, पण नर्मदाबाईंनी ते काढून घेतलं आणि बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला, पत्रासकट, सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली. चोपडी, मोहरी, व्हेंटिलेटर, काही गाळलं नाही.

डब्यात अजून दोन बोळे उरले होते. मास्तरांनी ते दोन्ही कानांत घट्ट बसवले आणि पडवीत येऊन टपाल निवडत बसले. कापूस हलक्या प्रतीचा निघाला. सगळं ऐकू येत होतं.